फरार मुलीचा अर्ज

हवालदारानं जाड रजिस्टर उलटवलं, एका ओळीवर बोट ठेवलं, माझ्या मुलीकडे पाहिलं, पुन्हा ओळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, इले तं आम्ही दोन वर्षापासून शोधून राह्यलो."

आम्ही चारित्र्याचा दाखला मागायला गेलो होतो. मुलीच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात अर्ज, मार्कशीटा, झेरॉक्स आणि चार फोटो होते. फोटोत ती माझी बरी साडी नेसून ताठ बसली होती. रजिस्टरात तिच्या नावापुढे लिहिलेलं हवालदारानं वाचून दाखवलं. दारूबंदीची केस. आरोपी फरार. वॉरंट.

"नावात चूक असन," मुलगी म्हणाली.

त्यानं बापाचं नाव वाचलं. गाव वाचलं. वय वाचलं. मग कपाटातून फाईल काढून पंचनाम्यावरची सही दाखवली. सहीखाली लांब रेघ होती आणि रेघेला शेवटी गाठ. सही तिचीच होती. ती करायला तिला मीच पाठवलं होतं.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणून आमच्याकडे दुकानात दारू मिळत नाही, ती घरी गाळावी लागते. आमच्या गल्लीत आम्ही चार बायका मोहाची भट्टी लावायचो. मला त्याची लाज तेव्हा नव्हती आणि आता आणायचं ठरवलं तरी येत नाही. मुलीचा बाप विहिरीच्या कामावर होता. वरून दरड पडली आणि तो विहिरीतच गेला. मुलगी तेव्हा सातवीत. मी चौथी शिकलेली. मजुरी कापसाच्या दिवसांत मिळायची, बाकीचे महिने भट्टी. मुलीला मी भट्टीजवळ येऊ देत नव्हते. तेवढं एक मी नीट केलं असं मला वाटायचं.

या धंद्यात आमच्याकडे एक रीत होती. ठाण्याला दर महिन्याला केसी दाखवाव्या लागत आणि वर्षातून एक-दोनदा पाळी आमच्या गल्लीवर यायची. धाड घालायची, धावाधाव करायची, मडकी फोडायची, यात त्यांचाही दिवस जायचा आणि आमचाही. म्हणून आम्ही नंबर लावले होते. या खेपेला हिची केस, पुढच्या खेपेला तिची. जिचा नंबर, ती एक कॅन भरून अंगणात ठेवायची. शिपाई येऊन कॅन उचलायचा. पंच ठरलेले दोघं. एक किराणा दुकानदार, ज्याच्याकडून आम्ही भट्टीचा गूळ आणि नवसागर घ्यायचो, आणि दुसरा त्याच्या ओट्यावर बसणारा शिंपी. दोघं दुकानातच सह्या करायचे. आम्ही अंगठा लावायचो. पुढे तारीख आली की कोर्टात जाऊन एकच शब्द बोलायचा, "कबूल." दंड व्हायचा. दुपारच्या एसटीनं परत. मी चार वेळा जाऊन आले होते. दळण आणायला जावं तसं जाऊन आले.

मुलगी वर्ध्याला वसतिगृहात राहून बी.ए. करत होती. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा मला टायफॉइड झालेला आणि त्या महिन्यात नंबर माझा. शेजारीण दारातूनच म्हणाली, "तू नंबर चुकवला तं तुह्या वाटची केस माह्यावर येते. मागच्या खेपेले मीच जाऊन आली." शिपाईही म्हणाला, "मावशी उठू शकत नसन तं घरातलं दुसरं कोणी चालन."

मी खाटेवरून मुलीला म्हटलं, "जाय वं. सही करून ये."

"कायची सही, माय?"

"काई नाई. केस आहे."

ती गेली आणि सही करून आली. शिपाई मागून सांगत आला, "मावशी, पोरीची सही लय झकास आहे. आमच्या साहेबाची अशी नाई." मला तापातही बरं वाटलं. त्या गल्लीतून आजवर अंगठेच गेले होते. माझ्या मुलीची सही गेली, याचा मला अभिमान वाटला. इतकी मी शहाणी.

पुढे समन्स घेऊन माणूस आला तेव्हा मी शेतात होते. तो शेजारणीला भेटला. आमच्याकडे कुणी परका माणूस तरुण पोरीबद्दल विचारायला लागला की "नाई इथं" म्हणायचं, ही सवय सगळ्यांना. शेजारणीनं तेच सांगितलं. "नाई बा अथी. कुठं गेली माहीत नाई." तो दोनदा आला, दोनदा तिनं तेच सांगितलं. मला बोललीही नाही, कारण तिच्या लेखी तिनं माझ्या पोरीला वाचवलं होतं. तिकडे कागदावर मुलगी फरार झाली. ती फरार मुलगी वसतिगृहात अभ्यास करत होती.

बी.ए. झाल्यावर तिनं पेपरात जाहिरात पाहिली. परजिल्ह्यातल्या एका विद्यापीठात एम.ए. होतं, गुन्हेगारीशास्त्र आणि फौजदारी न्याय. तिनं मला नाव दोनदा सांगितलं. मी म्हटलं, "गुन्हे शिकाले दोन वर्षं कायले लागतात? आपल्या गल्लीत बस आठ दिवस."

"तेच तं शिकाचं आहे, माय. तुमच्या चौघींवर मिळून पंधरा केसी. अन जो जीपनं बाहेरून दारूच्या पेट्या आणते त्याच्यावर एकबी नाई. हे असं काऊन होते, हे कोणी लिहिलं असन ना कुठं."

मला ते पटलं नव्हतं, पण तिला दुसरं काही आवडतच नव्हतं. बी.एड. कर म्हटलं, नाही. पोस्टाची परीक्षा दे म्हटलं, नाही. एवढ्या एका अर्जासाठी ती दोनदा विद्यापीठात जाऊन आली. अर्जासोबत ठाण्याचा दाखला जोडायचा होता. म्हणून त्या दिवशी आम्ही हवालदारासमोर उभ्या होतो.

त्यानं आम्हाला बसायला सांगितलं. म्हणाला, "वॉरंट आहे. कायद्यानं मी इले आता अथंच बसवाले पाह्यजे." मुलगी पिशवी छातीशी धरून उभीच राहिली. त्यानं तिच्याकडून अर्ज मागून घेतला आणि वाचला. मग विचारलं, "हे कायचं शिक्षण आहे?" तिनं सांगितलं. त्याला हसू आलं, त्यानं ते दाबलं नाही. "पंधरा वर्षं झाली नोकरीले. फरार आरोपी स्वतः येऊन चांगल्या चारित्र्याचा दाखला मागते, हे पहिल्यांदाच पाह्यलं." मग त्यानं रजिस्टर बंद केलं. "उद्या सकाळी स्वतःहून कोर्टात हजर व्हा. मी आज हे पान उघडलंच नाई. पण उद्या नाई गेल्या तं परवा मले यावं लागन. अन मावशी, कबूल म्हणू नका बरं. वकील करा. सरकारी, फुकटचा भेटते."

त्या माणसाचे उपकार मी विसरले नाही. खाकीतल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची आमच्या गल्लीत पद्धत नाही. मी बोलते.

एसटीत मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली. रोहण्याचा फाटा गेला. मग म्हणाली, "तू मले सांगतलं काऊन नाई, सहीचं असं होते म्हणून?"

"मले कुठं माहीत होतं?"

"चार वेळा कोर्टात गेलती ना तू."

"चार वेळा कबूल म्हणून आली. पुढं काय होते, हे कोणी विचारलं?"

ती रडली नाही. मीही नाही. गाव आल्यावर दोघी उतरलो.

दुसऱ्या दिवशी कोर्टात आम्हाला सरकारकडून एक वकीलबाई मिळाल्या. वयानं माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. हवालदारानं बजावलं होतं, तरी मी सवयीनं त्यांना म्हटलं, "बाई, कबूल म्हणून टाकते ती. दहा मिनिटात मोकळी होईन. अर्जाले उशीर होऊन राह्यला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कबूल म्हटलं की शिक्षा झाली असं लिहिलं जातं. ते पुसलं जात नाही. तुमचं काही बिघडलं नाही, कारण तुमच्याकडून कुणी कधी कुठला अर्ज मागितलाच नाही. हिचं बिघडेल."

इतकं सरळ मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. चार वेळा त्याच कोर्टात उभी राहून मला कळलं नव्हतं की त्या एका शब्दाला दुसराही शब्द आहे. न्यायाधीश साहेबांनी मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कबूल नाही." आवाज बारीक होता, पण साहेबांना ऐकू गेला. वॉरंट रद्द झालं. तारीख मिळाली ती अर्जाच्या मुदतीनंतरची.

आता अर्जात एक रकाना होता. अर्जदारावर फौजदारी गुन्हा दाखल आहे काय, असल्यास तपशील द्यावा. गल्लीतल्या सगळ्यांनी येऊन सल्ला दिला. शेजारीण म्हणाली, "नाई म्हणून लिही. कोण पाहाले येते तथून?"

मुलगी म्हणाली, "मावशी, गुन्हेगारी शिकाच्या अर्जातच खोटं लिहू?"

"मंग खरं लिहून घरी बस."

मला शेजारणीचं पटत होतं. मुलगी दोन दिवस तो रकाना कोरा ठेवून बसली. अर्जातच आणखी एक पान होतं, हा विषय का शिकायचा आहे ते लिहायचं. तिसऱ्या दिवशी तिनं रकान्यात "होय" लिहिलं आणि त्या पानावर सगळं लिहून काढलं. नंबराची रीत, कॅन, दुकानातले पंच, अंगठे, तिची सही, "नाई इथं". लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं. मी तांदूळ निवडत होते.

माझी भट्टी त्या पानात होती. परक्या गावचे शिकलेले लोक ते वाचणार होते. मी म्हटलं, "फाड ते."

"तुहं नाव नाई टाकलं. पण 'माझी आई' असं आहे. तू नको म्हणशीन तं नाई पाठवत."

तिनं खरंच पाठवलं नसतं. माझ्या पोरीचं मला माहीत आहे. मी सूप खाली ठेवलं आणि विचार केला. मी तिला सही करायला पाठवलं तेव्हा तिला विचारलं नव्हतं. ती मला विचारत होती.

मी म्हटलं, "पाठव. पण गुळाचं प्रमाण चुकलं आहे. एवढा गूळ टाकला तं काई होत नाई. दुरुस्त कर."

तिनं दुरुस्त केलं.

दाखल्याच्या जागी वॉरंट रद्द झाल्याची नक्कल जोडून अर्ज गेला. तीन आठवड्यांनी मुलाखतीचं पत्र आलं. मी सोबत गेले. आधी आर्वीची एसटी, मग वर्धा, मग रेल्वे. त्या इमारतीत मी बाहेर बाकावर बसले. आत ती आणि तीन सर. बाकीची पोरं पाच-सात मिनिटांत बाहेर येत होती. ही अर्धा तास आली नाही. मला वाटलं, पोलीस बोलावले. खरंच तसं वाटलं. मी जिन्याकडे पाहत बसले.

बाहेर आली तेव्हा तोंड लाल झालेलं. मी म्हटलं, "काय झालं?"

"त्यायनं विचारलं, हे पान कोणी लिहून दिलं."

"मंग?"

"म्हटलं, मीच लिहिलं. फक्त गुळाचं प्रमाण आईनं सांगितलं."

तिघं हसले म्हणे. मग सगळ्यात म्हाताऱ्या सरांनी तिला सांगितलं की या विषयाची पुस्तकं आम्ही इतकी वर्षं शिकवतो, पण नंबर लावून केसी घेण्याची रीत आम्हाला माहीत नव्हती. प्रवेश दिला, पण तात्पुरता. केसचा निकाल विरुद्ध लागला तर रद्द. ते त्यांना करावंच लागणार होतं. त्या सरांनी मला आत बोलावून चहा पाजला. मी कपबशीकडे पाहत चहा प्यायले. आभार मानायचे राहून गेले. ते सर आता नाहीत. इथे मानते.

म्हणजे सगळं पुन्हा कोर्टावर आलं. वकीलबाईंनी सांगितलं, शिपाई कागदावर आहे तेच बोलणार; त्याशिवाय कॅन तिच्याकडून पकडली असं सांगणारे पंच दोन. शिंपी तोवर वारला होता. उरला दुकानदार. त्यानं खरं सांगितलं तर मुलगी सुटते.

मी त्याच्या दुकानात गेले. तो गुळाची ढेप फोडत होता.

"वहिनी, मी खरं बोललो तं इतक्या वर्षाच्या साऱ्या सह्या खोट्या निघन."

"निघू दे. खोट्याच आहेत."

"लोकं हसन मले."

"मलेबी हसन. मी कोर्टात सांगणार आहे का दारू माही होती म्हणून."

तो ढेप फोडायचा थांबला. "येड लागलं का तुले? केस तुह्यावर येईन."

"माह्यावर चार आहेत. पाचवीनं काई वजन वाढत नाई."

"अन माहा गूळ? भट्ट्या बंद झाल्या तं गूळ कोण घेईन?"

"माही तं बंद झाली. पाह्यजे तं येऊन पाय, चूल मोडली मी."

चूल मी खरंच मोडली होती, ज्या दिवशी ठाण्यातून आलो त्याच दिवशी. कुणाच्या सांगण्यावरून नाही आणि पश्चात्तापानंही नाही. पुन्हा कुणी माझ्या दारात सही मागायला येऊ नये, एवढंच. त्यानंतरची दोन वर्षं मी दुसऱ्याच्या शेतात निंदणं-वेचणी केली आणि रिकाम्या महिन्यांत शाळेची खिचडी शिजवली. कंबर तेव्हाची गेली ती गेलीच.

दुकानदार तारखेला येईल की नाही, मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून आला. पिंजऱ्यात उभं राहून त्यानं सांगितलं, "मी दुकानातच सही केली, साहेब. कॅन पाह्यली नाई. ही पोरगी तं हॉस्टेलात राहाची." सरकारी वकिलांनी त्याला बरंच रागावून विचारलं. तो घामाघूम झाला, पण बदलला नाही. मग वकीलबाईंनी मला उभं केलं. मी सांगितलं, मला ताप होता, नंबर माझा होता, कॅन माझी होती. साहेबांनी विचारलं, "तुम्ही स्वतःविरुद्ध बोलत आहात, हे कळतं का?" मी म्हटलं, "कळते. चौथी शिकली मी."

मुलगी सुटली. साहेबांनी निकाल वाचला त्यातलं मला 'निर्दोष' एवढंच समजलं, आणि तेवढं पुरे होतं. माझ्यावर पाचवी केस काही आली नाही. का आली नाही हे मी विचारायला गेले नाही. दुकानदार बाहेर चहाच्या टपरीवर म्हणाला, "आता शिंप्याच्या वाटचंबी मीच बोललो समज." त्याला गावात पुढे बरेच दिवस 'खरा पंच' म्हणून चिडवत होते. चिडवणाऱ्यांत मी नव्हते. एरवी मी सोडत नाही कुणाला.

मुलगी त्या आठवड्यात विद्यापीठातून रजा घेऊन आली आणि ठाण्यात गेली. हवालदारानं दाखला लिहून दिला, वर्तणूक चांगली असल्याचा. त्यानं विचारलं, "आता तं प्रवेश झाला. हे कायले पाह्यजे?" ती म्हणाली, "पाह्यजे." तो दाखला माझ्या लोखंडी पेटीत आहे. मूळ तिनं मला दिला आणि झेरॉक्स विद्यापीठात दिली.

दुसऱ्या वर्षी तिला प्रबंध लिहायचा होता. ती वही घेऊन गल्लीत आली आणि आम्हा चौघींना एकेक करून बसवून विचारलं. शेजारीण आधी म्हणाली, "आता आमाले कोर्टात नेतं का?" मग जी बोलायला लागली ती थांबेना. "नाई इथं" म्हटल्याचं तिनं स्वतः सांगितलं आणि कपाळाला हात लावला. मुलीनं तिचा हात धरून ठेवला. त्या प्रबंधात कुणाचं नाव नाही. मी 'बाई क्रमांक दोन' आहे. मला पहिला नंबर द्यायला हरकत नव्हती.

आता मुलगी तुरुंगातल्या बायकांसोबत काम करते. कुणी "कबूल म्हणून टाकते" असं म्हटलं की ती त्यांना खाली बसवते आणि त्या शब्दानं पुढे काय होतं ते सांगते. सुट्टीत येते तेव्हा माझ्याकडे वर्ध्याजवळ बोरगाव मेघ्यात राहते. गाव आम्ही सोडलं. त्या सहीबद्दल तिनं मला एसटीतल्या त्या दिवसानंतर एकदाही टोचलं नाही. मी तिच्या जागी असते तर रोज टोचलं असतं. हे तिला मी सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

भट्टी लावणाऱ्या चौघींपैकी एक पोटाच्या दुखण्यानं गेली. एक पुराच्या वर्षी नाला ओलांडताना गेली. शेजारीण मागच्या थंडीत झोपेत गेली. मी आहे.